फ्रेंच होस्ट फॅमिली: सोय कशी आहे, कुठे अडतं आणि पहिल्या महिन्यात काय सांभाळावं

आधी निकाल सांगून टाकतो: पाचपैकी चार तारे, आणि त्यातले निदान दोन रात्रीच्या जेवणाचे. फ्रान्समध्ये परदेशी विद्यार्थ्याला घरात ठेवून घेण्याची जी पद्धत आहे तिच्यात खोली साधी मिळते, शाळा लांब असू शकते, गाव लहान असण्याची शक्यता दाट असते. पण संध्याकाळी साडेसात-आठला अख्खं घर एका टेबलाशी बसतं आणि पाऊण-एक तास उठत नाही. भाषा तिथे येते, माणसं तिथे कळतात, आणि काही बिनसत असेल तर तेही आधी तिथेच दिसतं. ज्याने खोली घेतली पण हे टेबल टाळलं, त्याचं वर्ष वाया गेलं असं खुशाल समजावं.

होस्ट फॅमिली या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात, आणि सगळ्यात जास्त निराशा हा फरक न कळल्यामुळे होते. पहिली शालेय वर्षाची. साधारण 15 ते 18 वयाचा विद्यार्थी सप्टेंबर ते जूनअखेर एका घरात राहतो आणि तिथल्या लिसेत, म्हणजे उच्च माध्यमिक शाळेत जातो. एएफएस आणि रोटरी यूथ एक्सचेंज या यातल्या जुन्या संस्था. (एएफएस मुळात 1915 साली फ्रान्समध्ये सुरू झालेली स्वयंसेवकांची रुग्णवाहिका सेवा होती; शालेय देवाणघेवाण 1947 पासूनची.) इथे कुटुंबाला पैसे मिळत नाहीत, ती हौसेने आणि प्रेमाने ठेवून घेतात. त्यामुळे विद्यार्थी पाहुणा नसतो, घरातलं आणखी एक मूल असतो: ताटं उचलणं, डिशवॉशर रिकामा करणं, रविवारी आजीकडे जाणं, सगळं त्याच्याही वाट्याला येतं. रोटरीत वर्षभरात दोन-तीन घरं बदलायची पद्धत आहे, एएफएसमध्ये सहसा एकच घर असतं.

दुसरी सोय पैसे देऊन मिळणारी: भाषाशाळा किंवा विद्यापीठामार्फत काही आठवडे वा महिने. यात बहुधा ‘दमी-पांसियों’ असतं, म्हणजे सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण. ही सोय घेताना चार प्रश्न लेखी विचारावेत. घरात आणखी किती विद्यार्थी आहेत? आपली भाषा बोलणारं कुणी आहे का? स्वयंपाकघर वापरता येईल का आणि किती वाजेपर्यंत? आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: कुटुंब विद्यार्थ्यांबरोबर जेवायला बसतं का? काही घरांत विद्यार्थ्याचं ताट झाकून ठेवलेलं असतं, मायक्रोवेव्हमध्ये गरम करून एकट्याने खायचं. असं असेल तर ते पैसे वसतिगृहावर खर्च केलेले बरे.

व्हिसाचं थोडक्यात. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा जो दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा मिळतो, तो पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. हे काम पहिल्याच आठवड्यात उरकावं. अठराखालच्यांचा शालेय व्हिसा वेगळा, त्याला हा सोपस्कार नाही.

टेबल

आता मुख्य गोष्ट. फ्रेंच घरातला दिवस जेवणाच्या घड्याळावर चालतो. सकाळी ब्रेड, लोणी, जॅम आणि वाडग्यातून कॉफी-दूध किंवा चॉकलेट. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान जेवण. चार-साडेचारला गूते, म्हणजे मुलांचं मधलं खाणं: ब्रेडमध्ये चॉकलेटची वडी, बिस्किटं, फळ. मग थेट रात्रीचं जेवण. मधल्या वेळेत फ्रिज उघडून काहीबाही खाणं बऱ्याच घरांत खटकतं. ‘हे तुझंच घर समज’ असं म्हटलं असलं तरी पहिल्या दिवशी स्पष्ट विचारावं: मला भूक लागली तर कुठल्या कपाटातलं घ्यायचं? बहुतेक घरांत गूत्याचं कपाट ठरलेलं असतं आणि ते दाखवून देताना यजमानांनाही बरं वाटतं.

टेबलाशी बसल्यावर दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर दिसली पाहिजेत, हात मांडीवर ठेवायचे नाहीत. ब्रेड ताटात न ठेवता ताटाशेजारी थेट टेबलावर ठेवतात आणि सुरीने न कापता हाताने घासापुरता तोडतात. घरातली मोठी व्यक्ती बसून ‘बोनापेती’ म्हणेपर्यंत सुरुवात करायची नाही. पदार्थ एकामागून एक येतात: आधी कोशिंबिरीसारखं काही, मग मुख्य पदार्थ, मग चीज, मग गोड किंवा दही. आपल्याला सगळं एकदम ताटात वाढून घ्यायची सवय असते, त्यामुळे पहिल्याच पदार्थावर पोट भरतं आणि पुढचे तीन नाकारावे लागतात. पहिल्यांदा निम्मंच घ्यावं. ताटात उरलेलं टाकणं मात्र नको.

चीजचं बघा. ब्री या चीजचा त्रिकोणी तुकडा फळीवर येतो. मधलं टोक सगळ्यात मऊ आणि चवदार, मागची साल कडक. आडवी सुरी चालवून ते टोक उडवलं की बाकीच्यांना फक्त सालीकडचा भाग उरतो. म्हणून टोकापासून सालीपर्यंत लांब, बारीक काप काढायचा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडं मऊ आणि थोडी साल येते. त्या टोकाला फ्रेंचमध्ये ‘नाक’च म्हणतात, आणि नाक कापलेलं तिथेही कुणाला आवडत नाही. कामांबेर पूर्ण गोल असतं, ते केकसारखं कापावं. चीजची फळी एकदाच फिरते. दुसऱ्यांदा मागायची पद्धत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा करणारा शब्द म्हणजे ‘मेर्सी’. यजमान बाई भांडं पुढे करून ‘अजून घेणार?’ विचारतात, विद्यार्थी आनंदाने ‘मेर्सी’ म्हणतो आणि भांडं पुढे निघून जातं. कारण वाढताना नुसतं मेर्सी म्हणजे ‘नको’. हवं असेल तर ‘वी, आव्हेक प्लेझीर’ किंवा ‘व्होलोंतिए’ म्हणायचं. नको असेल तर ‘नों मेर्सी, सेते त्रे बों’, म्हणजे नको, पण फार छान होतं. आणि पोट भरलं हे सांगताना इंग्रजीवरून शब्दशः ‘ज स्वी प्लेन’ म्हणू नये, मुलींनी तर नाहीच. ‘प्लेन’ हा शब्द गाभण जनावरासाठी वापरतात. तिथे आग्रह करकरून वाढत नाहीत. दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा कुणी विचारणार नाही, तेव्हा संकोचापोटी नाही म्हणणारा उपाशी झोपतो.

यजमानांना काका-काकू म्हणायची सोय नाही. थेट नावाने हाक मारायची आणि बहुतेक घरांत ‘त्यू’, म्हणजे एकेरी. आपल्या जिभेला हे जड जातं, पण तेच आपलेपणाचं लक्षण आहे. सतत ‘व्हू’, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’, म्हणत राहिलं तर मूल अंतर ठेवतंय असं त्यांना वाटतं. आजी-आजोबांना मात्र त्यांनी सांगेपर्यंत व्हू, आणि शिक्षकांना कायम. सकाळी खोलीतून बाहेर आल्यावर घरातल्या प्रत्येकाला बोंजूर म्हणायचं, एकालाही वगळायचं नाही. गालाला गाल लावून अभिवादन, म्हणजे बीज, बहुतेक ठिकाणी दोनदा. दक्षिणेत माँपेलिएच्या बाजूला तीनदा, पश्चिम टोकाला ब्रेस्तच्या भागात एकदाच. कोव्हिडनंतर ही पद्धत बरीच सैल झाली आहे. नको वाटत असेल तर हसून हात पुढे करावा, कुणी वाईट मानत नाही.

भाषेबद्दल स्पष्ट सांगायला हवं: बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचं प्रमाणपत्र असूनही पहिले सहा आठवडे जेवताना निम्मंसुद्धा कळत नाही. कारण पुस्तकातली भाषा टेबलावर बोलतच नाहीत. ‘ज न से पा’ (मला माहीत नाही) हे ‘शे पा’ होतं, ‘इल्या’चं (आहे) नुसतं ‘या’, ‘त्यू आ’चं (तुझ्याकडे आहे) ‘ता’. नकारातला पहिला ‘न’ गळून पडतो, ‘आम्ही’साठी ‘नू’ऐवजी सर्रास ‘ऑं’ येतं. एवढे पाच बदल निघण्याआधी कानाला सरावाचे केले तर महिनाभराची दमछाक वाचते. त्यात सगळे एकाच वेळी, एकमेकांना तोडत बोलतात. ते भांडण नसतं, ती गप्पांची रीत आहे. उपाय एकच: रोज संध्याकाळी दिवसातल्या एका घटनेची तीन वाक्यं फ्रेंचमध्ये तयार करून टेबलाशी बसावं आणि पहिल्या पदार्थाबरोबरच ती बोलून टाकावीत. पुढची संभाषणं मग आपल्याकडे वळतात. या काळात डोकं दुखणं, साडेनवालाच झोप येणं अगदी साहजिक आहे. घरातल्या भावंडांना इंग्रजी सुधारायचं असेल तर त्याला आठवड्यातला अर्धा तास ठरवून द्यावा. नाहीतर वर्षभर इंग्रजीच चालू राहतं.

घरी फोन आठवड्यातून एकदा पुरे. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. त्यांच्या रविवारी सकाळी दहाला आपल्याकडे दुपारचे दीड किंवा अडीच वाजलेले असतात, ही वेळ दोन्हीकडे सोयीची. रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल म्हणजे रोजचं टेबल चुकणार. पालकांनी एवढं पथ्य पाळलंच पाहिजे.

न्हाणीघर आणि गरम पाणी

तक्रारी सगळ्यात जास्त इथल्या, आणि दोन्ही बाजूंनी. पुष्कळ घरांत पाणी विजेच्या टाकीत तापतं. तिला बालों किंवा कुमुल्यूस म्हणतात. टाकी साधारण 200 लिटरची, रात्री स्वस्त विजेच्या तासांत तापणारी. साठ अंशांचं ते पाणी गार पाण्यात मिसळून अंघोळीजोगं केलं की सुमारे साडेतीनशे लिटर होतं. शॉवरमधून मिनिटाला 12 लिटर पाणी जातं असं धरलं तर सगळ्या घराला मिळून साधारण अर्धा तास. चौघं ते आणि पाचवा विद्यार्थी, म्हणजे माणशी सहा मिनिटं. केस धुताना कुणी वीस मिनिटं शॉवर चालू ठेवला की शेवटच्या माणसाला गार पाणी, आणि ते दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत गारच. साबण लावताना पाणी बंद करायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून. अंघोळीची वेळही विचारून घ्यावी. अनेक घरांत ती रात्रीची असते.

न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते. पाणी जायला वाट फक्त टबात किंवा शॉवरच्या तबकात. पडदा असेल तर त्याची खालची कड टबाच्या आत सोडायची. बाहेर सांडलेलं पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली मुरतं, खालचं लाकूड फुगतं, छताला डाग पडतो आणि प्रकरण विमा कंपनीपर्यंत जातं. म्हणून बादली-मग्गा लावून बाहेर अंघोळ करायचा विचारही नको. संडास बहुधा वेगळ्या खोलीत, तिथे पाण्याची सोय नाही. पिळता येणारी छोटी बाटली सोबत नेणं हा चांगला मार्ग. वापरून झाल्यावर जमीन कागदाने कोरडी करायची. ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड संडासात कधीच टाकू नयेत. गावाकडच्या घरांना सेप्टिक टँक असतो, तो तुंबतो आणि कुणामुळे तुंबला हे लगेच कळतं.

घर हिवाळ्यात थंड वाटणार. तिथे 19 अंश हे नियमातलं तापमान आहे, झोपायच्या खोलीत 17च्या आसपास. हीटर वाढवण्याऐवजी लोकरीचे मोजे आणि जाड स्वेटर. रात्री खिडकीबाहेरच्या झडपा, म्हणजे व्होले, लावायच्या आणि सकाळी उघडायच्या; खोली दहा मिनिटं हवेशीर करायची. कपडे आठवड्यातून एकदा-दोनदा यंत्रात, सगळ्यांचे एकत्र. रंग जाणारे सुती कुर्ते त्यात टाकू नयेत. कचऱ्यात पॅकिंग, काच आणि ओला कचरा वेगळा. 1 जानेवारी 2024 पासून ओला कचरा वेगळा करणं कायद्यातच आलं आहे.

खोलीत देवाचा फोटो ठेवायला कुणाची ना नसते. उदबत्ती किंवा दिवा लावण्याआधी मात्र विचारावं. मार्च 2015 पासून प्रत्येक घरात धुराचा गजर सक्तीचा आहे आणि तो उदबत्तीलाही वाजतो. सरकारी शाळेत ठळक धार्मिक चिन्हं घालून जाता येत नाही, हा 2004 चा कायदा. निघण्याआधीच माहीत असलेला बरा.

आपला तीन जाड पिनांचा प्लग तिथे बसत नाही. वीज 230 व्होल्टच आहे, त्यामुळे फक्त अडॅप्टर लागतो. फ्रेंच सॉकेटमधून अर्थिंगची पिन बाहेर आलेली असते, ती सामावणारा घ्यावा.

शाळेचा दिवस आठला सुरू होऊन पाच-सहापर्यंत चालतो, बुधवारी दुपार बहुधा मोकळी. गुण 20 पैकी, आणि 12 हे बरे गुण आहेत, 16 म्हणजे उत्तम. पालकांनी टक्केवारी काढून घाबरू नये. निवड असेल तर पहिलं वर्ष, ‘सगोंद’, मागावं: विषय सगळ्यांचे जवळजवळ सारखे असतात आणि वर्षाअखेरीस बॅकचा, म्हणजे शालान्त परीक्षेचा पेपर डोक्यावर नसतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला गावोगावी एका शनिवारी-रविवारी सगळ्या क्लबांचा मेळा भरतो. त्या दिवशी एका तरी खेळात किंवा गायनवृंदात नाव घालावं. फ्रेंच वर्गमित्र मनाने चांगले, पण स्वतःहून घरी बोलावत नाहीत. ओळखी क्लबात होतात.

शाकाहारी असाल तर

सोयीचा एक तारा आम्ही इथे कापला. अर्जात ‘शाकाहारी’ लिहिलेलं असतं, कुटुंबाने होही म्हटलेलं असतं, आणि पहिल्या रात्री पुढे किश, म्हणजे अंड्याचा खारा पाय येतो, ज्यात लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. यात फसवणूक नसते. शाकाहारी म्हणजे मोठा मांसाचा तुकडा खात नाही एवढंच अनेकांना वाटतं. मासे, हॅम, कोंबडीचा रस्सा त्यांच्या हिशेबात येत नाही. म्हणून निघण्याआधीच्या पत्रात नावं घेऊन लिहावं: मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, लार्दों नाहीत, मांसाचं बुयों, म्हणजे सूपचं पाणी नाही, अंडं चालतं की नाही. सुपरमार्केटच्या पाकिटावर ‘जेलातीन’ (जनावरांच्या हाडाकातड्यातून काढलेला पदार्थ) शब्द शोधावा, तो मूस आणि गोळ्यांमध्ये सापडतो. चीजमध्ये ‘प्रेझ्यूर’ हे विरजण येतं, आणि कोंते किंवा नॉर्मंडीचं कामांबेर अशा पारंपरिक चीजमध्ये ते वासराच्या पोटातलं असतं. ते चालणार नसेल तर आधीच सांगावं, कारण चीज नाही म्हणजे शाळेतले बरेचसे शाकाहारी पदार्थही नाहीत. शाळेच्या खानावळीत 2019 पासून आठवड्यातून एक जेवण शाकाहारी देणं बंधनकारक आहे. बाकीच्या दिवशी भाज्या, ब्रेड, अंडी आणि दह्यावर भागवावं लागतं.

घर जमत नसेल तर

व्यवस्थेची ही बाजू लंगडी आहे. कुटुंबाचं नाव कधीकधी निघण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी कळतं, आणि गावातला समन्वयक स्वतः स्वयंसेवक असल्यामुळे कुणी रोज चौकशी करतो, कुणी महिन्यातून एकदा. ‘गाव लहान आहे’, ‘बस सहानंतर नाही’ ही कारणं घर बदलायला पुरत नाहीत. जेवण वेगळं मिळणं, कुटुंबाने बोलणंच टाकणं, खोलीला आडोसा नसणं ही पुरतात. आधी घरातच एकदा शांतपणे बोलावं, शक्यतो रविवारी दुपारी. तारीख-वार लिहून ठेवावं. मग समन्वयकाला लेखी कळवावं. बहुतेक संस्था दोन-तीन आठवडे थांबून पाहायला सांगतात, आणि बऱ्याचदा तेवढ्यात जमतंही. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर एक दिवसही थांबायचं नाही: 112 सगळ्या आणीबाणीसाठी, आणि अठराखालच्या मुलांसाठी 119. हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि फोनच्या बिलात दिसत नाही.

आता त्याच टेबलावर आपण काय ठेवायचं ते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक दिवस स्वयंपाक मागून घ्यावा. ‘लांतीय कोराय’ या नावाने मसूर डाळ प्रत्येक सुपरमार्केटात मिळते. भिजवावी लागत नाही, साध्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटांत शिजते; पाच जणांना 300 ग्रॅम पुरते. प्रेशर कुकर घरात बहुधा असतोच, पण त्याला शिट्ट्या होत नाहीत: झडपेतून सतत वाफ यायला लागली की आच कमी करून तिथून मिनिटं मोजायची. शेगडी इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचं भांडं तापणार नाही, सपाट बुडाची लोखंडी कढई चालेल. फोडणीआधी खिडकी उघडावी, कारण शेगडीवरच्या बऱ्याच चिमण्या धूर बाहेर न टाकता गाळून परत आतच सोडतात. जेवण आठला ठरलं असेल तर आठला डाळ टेबलावर हवी, आणि मिरचीची फोडणी वेगळ्या वाटीत.